मराठवाड्याच्या वाटेने
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सहली निघतात त्या कार्ल्याला, दीक्षाभूमीला, नाहीतर देहूरोडला. देहूरोड तर आपल्या उंबऱ्यातच. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. यंदा मात्र आम्ही काही कुटुंबं मिळून मराठवाड्यात गेलो. त्याबद्दल चार शब्द सांगावेत अशी समितीची आज्ञा झाली, म्हणून उभे आहोत.

पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव नांदेड, लातूर, बीड, परभणीकडे आहे. कुणी १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी आले, कुणी १९७८ नंतर आले. दुष्काळाची गोष्ट घरात सांगतात. १९७८ ची सांगत नाहीत. मुलांनी विचारलं, "गाव का सोडलं?" की उत्तर येतं, "काम नव्हतं." म्हणून आम्ही मुलांनाही सोबत घेतलं.

प्रथम छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, नागसेनवनात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. खेड्यातली पोरं इथे शिकली. शिकलेल्यांनी गावकीची कामं नाकारली, मेलेलं ढोर ओढणं नाकारलं. राग तिथूनच साठत होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्या रागाला निमित्त मिळालं. वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली. विद्यापीठाच्या गेटसमोर मुलं फोटो काढत होती, मोठी माणसं गप्प उभी होती.

पुढे आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या गावी गेलो. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांना उद्याही तिथेच राहायचं आहे. वस्तीतली एक आजी म्हणाली, "घर जळालं एका रातीत. उभं राहायला बारा वर्सं लागली. अन् ज्यांनी जाळलं त्यांच्याच रानात पुन्हा खुरपाया गेलो. दुसरं रान हाय कुठं?"

बंधूंनो, त्या आजीच्या एका वाक्यात सगळं आलं. जमीन नाही, म्हणून दाद मागायची सोय नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याचसाठी. कसलेल्या गायरानाचा सातबारा आपल्या नावावर व्हावा म्हणून आजही माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. ज्यांना तेही नाही, ते दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात. मागे वस्तीत म्हातारे नि पोरं.

बदल झालेला नाही असं नव्हे. हॉटेलात कप वेगळा नाही, पोरं एका बाकावर बसतात. पण त्या रात्रीबद्दल कुणी बोलत नाही. ज्यांचं जळालं ते भीतीने, ज्यांनी जाळलं ते शरमेने म्हणा की कशाने म्हणा.

कंबोडिया हा बौद्धांचा देश. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीत तिथे लाखो माणसं मेली, भिक्खूंची चीवरं उतरवली गेली. आपल्या नालंदेत शिकून गेलेले भन्ते महाघोसानंद यांनी १९९२ साली निर्वासितांना सोबत घेऊन तिथे पायी धम्मयात्रा काढली. वैर संपवायचं तर माणसांकडे चालत जावं लागतं, हे त्यांनी करून दाखवलं. मैत्री म्हणजे विसरणं नव्हे. झालेलं खरं सांगायचं, मात्र मनात सूड ठेवायचा नाही, असं आम्ही समजतो.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी १९७८ ची हकिकत सांगावी, तरुणांनी ती वहीत उतरवावी, आणि वही विहारात राहावी. सांगणाऱ्याची इच्छा नसेल तर गावाचं नाव लिहू नये. दोन, ऊसतोडीच्या हंगामात शाळा सुटणाऱ्या एखाद्या तरी मुलीची राहण्याची नि शिक्षणाची सोय आपण सर्वांनी मिळून करावी. तीन, दरवर्षी एका गावी जावं, भाषण करायला नव्हे, विचारपूस करायला.

आजीने निघताना मुलांना विचारलं, "परत याल ना?" मुलांनी होकार दिला आहे. तो खरा करणं आता आपल्या सर्वांच्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!