पावसाळा, घाटरस्ता आणि वाहनाची काच



१६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचे जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपामाळ येथे स्वागत केले, असे परंपरेने सांगितले जाते. या उघड्या माळावरून एरवी दूरवरचा मुलूख दिसतो. परंतु पावसाळ्यात ढग खाली उतरले की जव्हार-मोखाड्याच्या वळणदार रस्त्यांवर वाहनचालकाला समोरचेही दिसेनासे होते.

दोष मात्र नेहमी धुक्याचाच नसतो. प्रवाशांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर आतून साचते. ते हाताने पुसल्यास तेलकट डाग राहतो आणि समोरच्या दिव्यांनी काच चकाकते. त्याऐवजी वातानुकूलनाची कोरडी हवा काचेवर सोडावी. ती सोय नसल्यास खिडक्या किंचित उघडाव्यात. धुक्यात दिव्यांचा प्रखर झोत जलकणांवरून उलट डोळ्यांवर येतो. म्हणून दिवे खालच्या झोतावर ठेवावेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. तेवढ्या अंतरात शाळेला निघालेली मुले असू शकतात.

यास्तव वाहनधारकांनी पावसाळ्यापूर्वी वायपरचे झिजलेले रबर बदलावे. पंचायत सदस्यांनी वळणांवर दृष्टी अडविणारी झुडपे बांधकाम विभागाच्या निदर्शनास आणावीत. शिक्षकांनी मुलांना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालण्यास शिकवावे. खर्च अल्प आहे. रक्षण मात्र जिवाचे आहे.