धातू आणि नाव

बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी १८७० साली जमिनीतून तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. त्यांतील काही वस्तू नागपूरच्या व लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांचा आकार, वजन व धातू यांचा विद्वानांनी कसून विचार केला. परंतु ती हत्यारे घडविणाऱ्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. आपल्याकडील धातुकारागिराचा इतिहास बहुतांशी असा निनावीच राहिला आहे.

त्याला निराळे वळण लागले ते बस्तरमध्ये. हा प्रदेशही २००० सालापर्यंत मध्य प्रदेशातच होता. आता तो छत्तीसगडात आहे. तेथील घडवा समाज पिढ्यान्‌पिढ्या पितळ ओतीत आला आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक सूत गुंडाळून आकार साधावयाचा, त्यावर मातीचे लेप द्यावयाचे, आच देऊन मेण घालवावयाचे व त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या अशाच रीतीचे वर्णन आहे. शेवटी साचा फोडावा लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते.

कोंडागावचे जयदेव बघेल याच समाजातले. वडिलांपाशी ते ही विद्या शिकले. तो काळही पालटत होता. म्युनिकला शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या मीरा मुखर्जी यांनी बस्तरच्या घडव्यांचे शिष्यत्व पत्करले. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले, तेव्हा जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासींच्या कलाकृती नागर कलावंतांच्या कृतींशेजारी मांडल्या. बघेल यांची शिल्पेही देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या नावाने गेली.

हा लाभ वाटतो तितका सोपा नव्हे. गावच्या देवीची मूर्ती भक्ताला ओळखता आली पाहिजे. प्रदर्शनातील रसिक मात्र पूर्वी न पाहिलेले मागतो. निनावी मूर्तीतील उणीव परंपरेच्या पदरी जाते. नाव लागले की ती माणसाच्या माथी येते. बघेल यांनी ही जोखीम स्वीकारली, पण मेणाचे सूत सोडले नाही. कलावंत होण्यासाठी कारागिरी टाकावी लागत नाही, हेच त्यांच्या कामाने दाखविले.

२०१४ साली ते निवर्तले. गुंगेरियाच्या कारागिराची हत्यारे तेवढी उरली. कोंडागावच्या या कारागिराच्या मूर्तींबरोबर त्याचे नावही उरले आहे.