रानपिंगळ्याची साक्ष
(सोनगीर येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



सकाळी ग्रंथदिंडी तांबट आळीतून निघाली, तेव्हा मी एका दुकानासमोर थांबलो. आत एक वयस्कर बाबा तांब्याचा हंडा मठारत होते. एक ठोका, हंडा जरासा फिरवायचा, पुन्हा ठोका. ठोक्याशेजारी ठोका असा बसत होता की दोघांमध्ये नख शिरू नये. मी विचारलं, "बाबा, दहा हंडे ओळीने ठेवले तर तुमचा कोणता, ते सांगाल का?" हात न थांबवता ते म्हणाले, "आमना हात आमले वळखू येस."

हे वाक्य मी दिंडीभर मनात घोळवत आलो. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची किल्ली त्यात आहे. विषय आहे वन्यप्राण्यांवरचे माहितीपट. साहित्य संमेलनात हा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. जो जीव स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या आयुष्याची हकीकत दुसऱ्या कुणीतरी सांगायची, हेच माहितीपटाचं काम आहे, आणि लेखकाचंही तेच आहे. शिवाय या विषयातली एक फार मोठी गोष्ट आपल्या खानदेशात घडलेली आहे आणि आपल्याच पोरांना ती ठाऊक नाही.

ती गोष्ट रानपिंगळ्याची. घराच्या वळचणीला, जुन्या वडावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, आकाराने मोठं. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, पंजे दणकट. १८७३ साली पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १८८०च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कुणाला दिसलाच नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गज पक्षीशास्त्रज्ञांनाही तो सापडला नाही. जगाने हळूहळू त्याला नामशेष झालेल्यांच्या यादीत धरलं.

मधे फक्त एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीला रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं होतं. त्याचा नमुना संग्रहालयात होता, चिठ्ठीवर तारीख होती, गाव होतं. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रं काढली. कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि आतली मूळची घडण डेव्हिडसनच्या हातची होती. म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी चोरून, नवी चिठ्ठी बांधून तो गुजरातचा म्हणून खपवला होता. तांबट आळीतले बाबा सकाळी जे म्हणाले, तेच इथे घडलं. कातडं भरणाऱ्याचा हात ओळखू आला.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर शोध खऱ्या जागांकडे वळला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७च्या नोव्हेंबरात भारतात आले. जुन्या अस्सल नमुन्यांवर लिहिलेल्या ठिकाणी आधी पूर्वेकडे फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग ते आपल्याकडे आले. २५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याचं विरळ सागवान. सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर एक पिंगळा बसला होता आणि त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते. ११३ वर्षांनी. त्यांनी फोटो काढले, व्हिडिओ टेप भरली, मगच श्वास सोडला असेल. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे जगाने गमावलेला पक्षी सापडला तो आपल्या धुळे जिल्ह्यात.

मित्रांनो, पूर्वी असा पक्षी दिसला की बंदूक उचलायचे, कारण मेलेला नमुना हाच पुरावा. या वेळी पुरावा टेपवर होता आणि पक्षी फांदीवर जिवंत होता. माझ्या दृष्टीने वन्यजीव चित्रणाने माणसाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

नमुन्याच्या कातड्यातून जे कधीच कळलं नसतं, ते जिवंत पक्षी पाहिल्यावर कळलं. रानपिंगळा दिवसा हिंडतो, दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर त्याचं खाणं. बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे झटकन हलवतो. पुढे फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार अशा अभ्यासकांनी सातपुड्यात महिनोन्‌महिने त्याचा मागोवा घेतला. त्यांच्या नोंदींत पालकानेच आपलं पिल्लू खाल्ल्याचीही नोंद आहे. ही नोंद मी मुद्दाम सांगतो. प्राण्यांच्या चित्रपटात आई म्हणजे माया आणि बाप म्हणजे राखण, असं निवेदन आपल्याला गोड लागतं. रानातला जीव आपल्या व्याख्येत बसायला बांधील नाही. तो जसा आहे तसा पाहण्याचं धैर्य निवेदकात हवं.

हे धैर्य नसलं की काय होतं, त्याचंही उदाहरण जगापुढे आहे. १९५८ साली डिस्ने कंपनीचा 'व्हाइट विल्डरनेस' हा चित्रपट आला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दाखवले. त्याला ऑस्कर मिळालं. पुढे कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला तेव्हा उघड झालं की ते प्राणी बाहेरून आणले होते आणि कड्यावरून अक्षरशः ढकलले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करत नाहीत. तरी आजही शिकलेली माणसं ती दंतकथा सांगतात, कारण त्यांनी ती 'डोळ्यांनी पाहिली' आहे. माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी आणि डिस्नेचा कडा, दोन्ही एकाच जातीचे गुन्हे आहेत.

चित्रपटाच्या सगळ्याच क्लृप्त्या खोट्या असतात असं मात्र मी म्हणणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कुंडीसमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण. पडद्यावर रोप भराभर वर येतं. वेळ आकुंचन पावली, पण रोपाबद्दल एकही खोटं बोललं गेलं नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाने निसर्गाचं चित्रण कसं करावं, याचा धडा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिला आहे. तसंच २०१६ साली बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २'मध्ये मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतचे बिबटे दाखवले. वस्तीच्या कडेला, अंधारात डुकरांची शिकार करणारे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय ते दिसलेच नसते.

बिबट्यावर जरा थांबतो, कारण केळीच्या आणि उसाच्या शेतात रात्री पाणी भरायला जाणारे इथे बसले आहेत. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावले. जिथे जंगल म्हणावं असं काही नाही आणि दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात, तिथे १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. तरसंही होती. त्याआधी जुन्नर भागात बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याचा सपाटा लावला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. शिवाय सोडलेला बिबट्या तिथेच थांबत नाही, हे 'आजोबा'ने दाखवलं. २००९ मध्ये विहिरीत पडलेला हा बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. शेवटी २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. आपल्या दाराशीही असे मृत्यू होतात आणि आपण गाडी पुढे नेतो.

मागच्या हिवाळ्यात मी दोन तरुण मित्रांबरोबर तोरणमाळच्या पायथ्याशी गेलो होतो. पहाटेपासून एका वाळक्या सागापासून बरंच लांब बसलो. नऊ वाजून गेले, ऊन चढलं, पायांना मुंग्या आल्या. मग तो आला. फांदीवर बसला, शेपटी दोनदा झटकली, खाली पालापाचोळ्याकडे टक लावून पाहत राहिला. झेप घेतली आणि चोचीत सरडा घेऊन ढोलीत शिरला. एका मित्राने फोनवर ते टिपलं. जेमतेम ४० सेकंदांचं, हलणारं चित्र. पण त्याने लगेच वहीत तारीख, वेळ, झाड आणि आपण किती लांब होतो ते लिहिलं. मला त्या चित्रापेक्षा ती वही पाहून जास्त बरं वाटलं.

आज मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. साप पकडून शेपटीला धरून काढलेले व्हिडिओ, घरट्यात फांदी खुपसून पिल्लांना तोंड उघडायला लावलेली चित्रं रोज फिरतात. हे मला सहन होत नाही. विणीच्या काळात घरट्याजवळ माणूस सारखा दिसला तर पक्षी घरटं सोडू शकतो. असं चित्र कितीही सुंदर असो, ते चोरीचं आहे.

मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठीला रान दिलं. आता पडद्यावरच्या रानालाही मराठी हवी आहे, अहिराणी हवी आहे, पावरी हवी आहे. सातपुड्यात गुरं चारणाऱ्या पोराला जे ठाऊक आहे, ते परदेशातून आलेल्या निवेदकाला कसं कळणार? म्हणून या संमेलनातल्या तरुणांना माझी विनंती आहे. यावल, अनेर, तोरणमाळ, गौताळा ही आपली राने आहेत; तिथे जा, लांब बसा, जे दिसलं तेवढंच टिपा. तारीख आणि ठिकाण खरं लिहा, मात्र घरट्याची नेमकी जागा जगजाहीर करू नका. त्या चित्राला आपल्या बोलीत निवेदन लिहा आणि पुढच्या संमेलनात ते आम्हाला दाखवा. आणि इथे बसलेल्या शेतकरी बांधवांना एवढंच सांगणं आहे: बांधावरचा वाळका, पोकळ झालेला साग सरपणासाठी तोडू नका. रानपिंगळा त्याच ढोलीत अंडी घालतो.