बोळ बंद असेल तर…



"तू सॉफ्टवेअरमधली, क्वांटमवर काहीतरी सोपं सांग," असा आयोजकांचा हुकूम आहे. मी त्यातली तज्ज्ञ नाही, हौसेने वाचते. म्हणून आपल्या लालबागच्या चाळीपासूनच सुरुवात करते.

चाळीच्या लांब गॅलरीत मधोमध उभे राहा. नाणं उडवा. छापा आला तर एक पाऊल उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. अशी १०० पावलं टाकूनही तुम्ही साधारण १० पावलांवरच असता. क्वांटम कण मात्र लाटेसारखा दोन्हीकडे एकदम जातो आणि पावलांच्या प्रमाणात लांबवर पसरतो. हा 'क्वांटम वॉक'.

पण फरश्या वरखाली असतील तर? प्रत्येक उंचवट्यावरून लाटेचा थोडा भाग परततो. परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि कण सुरुवातीच्या जागेजवळच अडकतो. वाटेत भिंत कुठेच नसते! असं अडकणं फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली मांडलं.

साधा, नाणं उडवून चालणारा कणही अडकतो. हे काम तर आपल्या कुलाब्याचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर यांनी १९८३ साली अशा कणाला कागदावरच्या चक्रव्यूहात सोडून एका दिशेने ढकललं. थोडं ढकललं की तो पुढे सरकतो. जास्त ढकललं की बंद बोळात रुतून बसतो, कारण सुटायला मागे यावं लागतं आणि ढकलणारा मागे येऊ देत नाही. एका मर्यादेपुढे त्याचा सरासरी वेग शून्य होतो.

हे वाचलं आणि नववीतली माझ्या बाकावरची मैत्रीण आठवली. गणितात नापास झाली की घरी मार, वर आणखी एक शिकवणी. मीही तिला 'ढ' म्हणून चिडवलं. एका बाईंनी मात्र मधल्या सुट्टीत तिच्यासमोर पाचवीचं पुस्तक उघडलं. तिचं घोडं अपूर्णांकांत अडलं होतं. बाईंनी तिला मागे येऊ दिलं, आणि दहावीला ती पास झाली.

आज ती दादरला स्वतःचं दुकान चालवते. या मेळाव्याचा हिशेबही तिनेच ठेवलाय, पैशापैशाचा.

बाई, तुम्हाला नमस्कार. आणि तुझी, दुसऱ्या रांगेत बसून हसणारे, मी आज सगळ्यांसमोर माफी मागते.