जुन्या घराची नवी उभारणी : सेवानिवृत्तांसाठी एक विधायक कार्य



तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मनुष्य सेवानिवृत्त होतो, तेव्हा गावाकडील घराची आठवण त्याच्या मनात बहुधा प्रथम जागी होते. आई-वडील होते तोवर सुटीत त्या घरी जाणे होई. पुढे जत्रेपुरते, आणि मग तेही राहिले. दिंडीदरवाजाला कुलूप लागले. माळवदावर गवत माजले, भिंतीच्या सांध्यात पिंपळाने मूळ धरले आणि मधला चौक पालापाचोळ्याने भरून गेला. अशी बंद घरे आज महाराष्ट्रातील शेकडो गावठाणांत दिसतात. निवृत्तीनंतर त्यांतील एखादे घर पुन्हा नांदते करावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि स्तुत्यही आहे. मात्र तिची पूर्तता कशी होते, यावर त्या घराचे आयुष्य आणि प्रसंगी घरातील माणसांचे प्राणही अवलंबून असतात. म्हणून या विषयाचा विचार केवळ हौस म्हणून न करता जबाबदारी म्हणून करणे अगत्याचे आहे.

एक पावसाळा निरीक्षणाचा

निवृत्त मनुष्याजवळ तरुणाइतकी शक्ती नसते आणि व्यापाऱ्याइतका पैसाही नसतो. त्याचे खरे भांडवल म्हणजे सवड. परंतु प्रत्यक्षात होते ते उलटेच. उपदानाची रक्कम हाती येताच ठेकेदार बोलावला जातो आणि दोन महिन्यांत घर ‘नवे’ करण्याची घाई सुरू होते. जुन्या घराचे नुकसान पावसाने जितके होत नाही, तितके या घाईने होते.

शहाणपणाचा मार्ग असा की, पहिला एक पावसाळा घराचे केवळ निरीक्षण करावे. पाणी कोठून झिरपते, पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचते की वाहून जाते, कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल चढते, भेगा तशाच राहतात की वाढतात, हे सर्व वहीत तारखेनिशी टिपून ठेवावे. भेगेवर चुन्याची छोटी पट्टी लावून त्यावर तारीख घालावी. ती पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे असे समजावे. कुजलेल्या तुळईचा आवाज ठोकून पाहिल्यास पोकळ येतो आणि पेचकसाचे टोक तिच्यात सहज रुतते. या साध्या तपासणीला खर्च नाही. पण पुढील सर्व खर्च योग्य ठिकाणी पडावा, याची हमी तीच देते.

तोवर जे करावयाचे ते एवढेच : छपराची गळती तात्पुरती बंद करावी, जोत्याभोवतीचे पाणी चर खणून दूर काढावे, खचू पाहणाऱ्या भागाला टेकू द्यावा आणि त्याखाली वावर ठेवू नये.

किल्लारीने दिलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. जुन्या घराविषयी प्रेमाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

त्या घरांचे दोष कोणते होते? पहिला दोष भिंतींचा. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसे. पण प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या थरांची असे. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे आणि मधल्या पोकळीत खडे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्यामुळे हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. दुसरा दोष माळवदाच्या भाराचा. गळती थांबावी म्हणून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर टाकला जाई. जुना मात्र कोणी काढीत नसे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दीड फूट माती साचली, तर तिचे वजन साडेसहा-सात टन भरते. एवढे ओझे डोक्यावर घेऊन कुटुंब रात्री झोपत असे.

याच आपत्तीत दुसरी गोष्टही दिसून आली. जेथे लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा नीट जोडलेला होता, तेथे भिंती ढासळल्या तरी अनेक घरांत तो सांगाडा माळवदासह उभा राहिला. म्हणजे पूर्वजांच्या बांधणीत उणीव होती, तसे शहाणपणही होते. जीर्णोद्धार करणाराने दोन्ही ओळखावयाची असतात.

भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात नवी गावे वसविण्यात आली. त्याबरोबरच सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे कामही हाती घेण्यात आले. त्यातील उपाय आजही तितकेच उपयुक्त आहेत. माळवदावरील जादा माती उतरवावी आणि पाणी अडविणारा थर घालून वर मोजकीच माती ठेवावी. खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार द्यावेत. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर लोखंडी जाळीचा पट्टा घराभोवती फिरवावा आणि कोपरे विशेष काळजीने बांधून घ्यावेत. भिंतीचा काही भाग नव्याने रचावयाचा असल्यास भारतीय मानक १३८२८ हे मार्गदर्शक आहे. त्यानुसार उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता आरपार दगड घातले पाहिजेत. अशा कामापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. त्याच्या शुल्काची बचत ही सर्वांत महाग बचत ठरते.

सिमेंट कोठे, चुना कोठे

जुन्या भिंतीला सरसकट सिमेंटचा गिलावा करणे ही फार प्रचलित चूक आहे. दगडमातीची वा पांढऱ्या मातीची भिंत जमिनीतील ओल शोषून घेते आणि ती हळूहळू हवेत सोडते. सिमेंटच्या गिलाव्याने तिची ही वाट बंद होते. ओल आतच कोंडते, वर चढते, मातीचा सांधा मऊ करते आणि भिंतीत खोवलेली तुळयांची टोके कुजविते. बाहेरून चकचकीत दिसणारी भिंत आतून पोखरली जाते. दोन-चार वर्षांनी गिलावा फुगून पडतो तेव्हा कोठे घरमालकाला दोष कळतो.

चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो आणि घर थोडेफार हलले तरी सिमेंटइतका लवकर तडकत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरू द्यावयाचा, त्यात वाळू किंवा विटांची भुकटी मिसळून घाणीत मळावयाचा, प्रांतोप्रांतीच्या रिवाजाप्रमाणे गुळाचे पाणी, हिरडा वा बेलफळाचा गर घालावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत होय. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून काही दिवस तो ओलसर ठेवावा लागतो आणि थर पातळ द्यावे लागतात. या कामाला धीर लागतो, आणि तो निवृत्ताजवळ असतो. अर्थात सिमेंट त्याज्य आहे असे नव्हे. मजबुतीचे पट्टे, न्हाणीघर, शौचालय येथे त्याचे स्थान आहे. मातीच्या भिंतीवर मात्र त्याचे स्थान नाही.

लाकडाची जपणूक

खांबाचे बूड कुजले म्हणून संपूर्ण सागवानी खांब फेकून देण्याचे कारण नसते. तळखड्याजवळचा कुजका भाग कापून तेथे त्याच जातीच्या पक्क्या लाकडाचा तुकडा सांधा करून बसविता येतो. चांगला सुतार हे काम करू शकतो. मोडलेल्या वाड्यांचे जुने सागवान बाजारात मिळते. तेही उपयोगी पडते. वाळवीचा बंदोबस्त मात्र सांधकामापूर्वी झाला पाहिजे.

लाकडी घराचा दुसरा शत्रू आग. पुण्याच्या शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. आज तेथे तटबंदी, दरवाजे आणि जोतीच पाहावयास मिळतात. विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ मध्ये आगीने गेला. गावच्या घरात तुळयांवरून लोंबणाऱ्या जुन्या विजेच्या तारा हे तेच संकट होय. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नवी वीजजोडणी रंगाच्या आधी असावी.

वाटेकरी, पैसा आणि वय

वडिलार्जित घरात बहुधा एकट्याचा हक्क नसतो. भाऊ आहेत, बहिणी आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. घरावर स्वतःचा पैसा खर्च केल्याने कोणाचा हिस्सा आपोआप वाढत नाही. एकाने आयुष्याची पुंजी लावून घर उभे करावे आणि पुढच्याच वर्षी वाटणीची भिंत चौकातून जावी, असे प्रसंग गावोगाव घडतात. यासाठी पहिली वीट हलविण्यापूर्वी सर्व वाटेकऱ्यांनी एकत्र बसावे. खर्च कोणी करावयाचा, राहावयाचे कोणी आणि पुढे काय, हे लेखी ठरवावे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद तपासावी. स्वामित्व योजनेखाली गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकाही पाहावी.

पैशाबाबत पथ्य एकच. निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची व उपदानाची सर्व रक्कम घरात घालू नये. आजारपणाचा व उदरनिर्वाहाचा भाग प्रथम बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेतून टप्प्याटप्प्याने काम करावे. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग सांगाडा आणि भिंती, व शेवटी फरशी आणि रंग, हा क्रम मोडू नये. घर दुरुस्त होत असताना मालकाचे वयही वाढत असते, याचा विसर पडू नये. उंच उंबरठा, काळोखा जिना, परसातील दूरचे शौचालय यांचा विचार आजच व्हावा. जिन्याला कठडा असावा, झोपण्याची खोली खाली असावी आणि शौचालय घरालगत पण मातीच्या भिंतीपासून अलग असावे.

पंचायतीचा आणि शाळेचा वाटा

हे कार्य एकट्या कुटुंबाचे नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावातील बांधकामावर पंचायतीचे नियंत्रण असते. परवानगीचा अर्ज येतो, त्या वेळी केवळ शिक्का न उमटविता चार प्रश्न विचारता येतील : माळवदाचा भार कमी होणार आहे काय, सांडपाण्याची सोय काय, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीचे काय, वाटेकऱ्यांची संमती आहे काय? धोकादायक घरांची यादी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करण्याची प्रथा पाडल्यास कित्येक अपघात टळतील.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि जुने सांधे जाणणारे सुतार वृद्ध होत आहेत. त्यांची नोंद पंचायतीजवळ असावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी व कुंभार यांचा समावेश आहे आणि त्यांच्या अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. ही संधी पंचायत सदस्यांनी कारागिरांपर्यंत पोहोचविली पाहिजे. जेथे घर दुरुस्त होत आहे, तेथे दोन तरुण गवंडी वृद्ध कारागिराच्या हाताखाली द्यावेत. त्या एका कामातून पुढील दहा घरांची तयारी होईल.

शिक्षकांनाही येथे मोलाचे काम आहे. मुलांनी गावातील एका जुन्या घराचा आराखडा काढावा. ओसरी, पडवी, माजघर, बळद, देवळी, कडीपाट अशी नावे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. कोणती वस्तू कशासाठी होती ते विचारावे. वस्तूबरोबर शब्दही जातो, आणि शब्द गेला की त्यामागील ज्ञानही जाते.

प्रत्येक जुने घर वाचविता येईलच असे नाही. काही घरे इतकी जीर्ण झालेली असतात की ती उतरविणे हेच शहाणपण ठरते. त्यांचे दगड, लाकूड आणि दरवाजे दुसऱ्या घराच्या उपयोगी पडतात, आणि तेही एक प्रकारचे जतनच होय. परंतु जे वाचू शकते ते घाईने, अज्ञानाने वा भाऊबंदकीने जाऊ नये. ज्याने नोकरीत इतरांची कागदपत्रे नीट लावली, इतरांची मुले शिकविली, त्याच्या हाती आता सवड आहे. तिचा उपयोग त्याने एका घराला समजून घेण्यासाठी केला, तर माळवदावरचे ओझे उतरेल, बंद दिंडीदरवाजा उघडेल आणि त्या घरात नातवंडे निर्धास्तपणे झोपू शकतील.