‘स्टेशन’ या शब्दाचा मराठी संसार

इंग्रजी कोशांत ‘स्टेशन’ या शब्दापुढें अर्थांची लांब रांग लागलेली असते. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून हिंडणाऱ्याला तीच रांग जमिनीवर मांडलेली दिसते. कर्जतला रेल्वेचें स्टेशन आहे. त्याच तालुक्यांत माथेरान हें ‘हिल स्टेशन’ आहे. भिवपुरीला आणि खोपोलीला ‘पॉवर स्टेशन’ आहे. खालापूरला पोलीस स्टेशन आहे. इंग्रजाला या सर्वांस एक शब्द पुरतो. मराठीला मात्र प्रत्येक दारीं निराळी हांक मारावी लागते.

रेल्वेच्या अर्थीं हा शब्द भाषांतराची वाट पाहत थांबलाच नाहीं. १८५६ सालीं खोपोलीपर्यंत रूळ आले; बोरघाटांतून गाडी चढूं लागली ती १८६३ सालीं. तेवढ्या अवधींत लोकांनीं शब्द तोंडांत घोळवून त्याचें ‘ठेसन’ करून टाकलें. ‘स्थानक’ हा शब्द पुढें पाटीवर चढला आणि बहुधा पाटीवरच राहिला. एस. टी.च्या बसस्थानकाची गतहि तीच. उतारू त्याला ‘स्टँड’च म्हणतो.

माथेरानची गोष्ट वेगळी. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं तो डोंगर आपल्या लोकांच्या वास्तव्यासाठीं हेरला. गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती ती ‘स्टेशन’, असा तेव्हांचा वाक्प्रचार होता. मराठीनें डोंगरहि सोडला आणि अधिकारीहि सोडला. ‘थंड हवेचें ठिकाण’ म्हणून मोकळी झाली. ‘गिरिस्थान’ हा शब्द दिसायला भारदस्त खरा, पण त्यांत हवा लागत नाहीं.

खरी परीक्षा होते ती पोलिसांपाशीं. ‘स्टेशन’ शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील उभें राहण्याचा धातु आहे, आणि संस्कृत ‘स्था’ हा त्याचाच सगा भाऊ. त्या ‘स्था’पासून स्थान, आणि स्थानापासून ‘ठाणें’. म्हणजे येथें भाषांतर करावयाचें नव्हतेंच. घरांतलाच शब्द उचलावयाचा होता. ठाण्याला चौकी-पहाऱ्याचा, अंमल बसविल्याचा जुना दरारा आहे. ठेसनावर माणूस गांठोडें घेऊन जातो. ठाण्यावर जातो तो पोटांत गोळा घेऊन. क्वचित् ‘पोलीस स्थानक’ असें छापलेलें दिसतें. तेथें वाचणाऱ्यानें वेळापत्रक शोधलें तर दोष कोणाचा?

मग वीज जेथें होते त्याला काय म्हणावें? खोपोलीचें वीजघर १९१५ सालचें, भिवपुरीचें १९२२ सालचें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस कोसळतें, चाकें फिरवितें आणि पाताळगंगेला जाऊन मिळतें. वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धांवली. तेथें उभें असें कांहींच राहत नाहीं. ‘स्थानक’ म्हणजे थांबण्याची जागा. ती येथें कशी शोभावी? मराठीनें ‘केंद्र’ म्हटलें, जेथून सर्व बाजूंस कांहीं पसरत जातें तें. आकाशवाणीलाहि तोच शब्द मिळाला. गंमत अशी, कीं हा संस्कृत दिसणारा ‘केंद्र’ मूळचा ग्रीक असून ज्योतिषाच्या ग्रंथांबरोबर इकडे आला. परक्या शब्दाला एतद्देशीय पर्याय म्हणून त्याच्याहून पुष्कळ जुना परका शब्द बसला, आणि चपखल बसला!

कर्जतला रेल्वेच्या पोलिसांची जागा आहे. तिला सरकारी मराठींत ‘लोहमार्ग पोलीस ठाणें’ म्हणतात. स्टेशनांतलें स्टेशन; पण मराठींत ठेच लागत नाहीं.

त्याच फलाटावर मुंबईची लोकल येऊन परत फिरते आणि घाटाच्या गाड्या वर चढतात. इंग्रजींत या दुसऱ्या गाड्या ‘आउटस्टेशन’. उतारूंच्या बोलण्यांत मात्र ती ‘बाहेरगांवची गाडी’. स्टेशन उठलें, त्या जागीं गांव येऊन बसलें, आणि कोणाच्या तें ध्यानांतहि आलें नाहीं.