शाळेमागची बाग



शाळेमागील मोकळ्या जागेवर फरशी घालावी, म्हणजे वाहने उभी करण्याची सोय होईल, अशी एक सूचना मंडळापुढे आहे. अडचण खरी आहे. समारंभाच्या दिवशी रस्त्यावर होणारी दाटी आम्हीही पाहतो. तथापि त्या जागेत आम्ही शिक्षक मुलांसह जी बाग करतो, तिच्यात काय शिकविले जाते हे ठरावापूर्वी सभासदांच्या कानी घालावे, एवढ्यासाठी ही दहा मिनिटे मागून घेतली आहेत.

आपल्या इंदूरची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायातली चप्पल ठेवून घेते. अशा जमिनीत पहिला धडा कुदळीचा नसून थांबण्याचा असतो. ओली असताना खणली तर ढेकळे वाळून विटांसारखी होतात. पार वाळल्यावर खणू गेल्यास कुदळ उसळते. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा, हाच वाफसा. बाहेर सारा दिवस हिंदीत वावरणाऱ्या आमच्या मुलांना हा शब्द इथेच प्रथम भेटतो. वाफा, आळे, खुरपे, झारी यांचीही तीच गत. मराठीच्या तासाला वहीत राहणारे शब्द इथे हाताला लागतात.

लहान मुलांना आम्ही मेथी देतो, कारण तिला फारसा धीर लागत नाही. तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत भाजीला येते. धणे रगडून, दोन दळे करून पेरले तरी आठ-दहा दिवस घेतात. तेवढा वेळ कोणाला? चौथ्या दिवशी मुले माती उकरून पाहतातच. त्यांना रागावू नये, असे आमचे मत आहे. ते एक बी वाया गेले तरी मूळ आधी खाली जाते आणि कोंब मागाहून वर येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

वेलांपाशी मोठी मुले रमतात. लाल भोपळ्याची फुले गळतात, म्हणजे रोग पडला, अशी तक्रार दरवर्षी येते. मग फुले जवळून पाहावयास सांगायचे. ज्याच्या खाली इवलासा भोपळा असतो ते मादीफूल. नुसत्या देठावरचे ते नर. नरफुले गळायचीच. वस्तीत मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा सकाळी नरफुलाचा पराग मादीफुलाला मुलेच लावतात. दुधीचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उमलते. ते पाहण्यासाठी मुले पालकांना ओढून आणतात, आणि पालकांपैकीही पुष्कळांनी ते प्रथमच पाहिलेले असते!

खताचा खड्डा तर आपल्या गावचाच वारसा. 1924 साली इंदुरात स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, थोडी माती व राख यांपासून खत करण्याची रीत बसविली. तिच्यावरील 1931 सालच्या इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड. या नावाकडे मुलांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. थर रचायचे, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखायचा, तीन वेळा उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. आत लोखंडी सळई खोचून बाहेर काढली की ती तापलेली लागते. विस्तवावाचून ही ऊब कोठून आली, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. सूक्ष्म जीवांचा धडा आम्ही तेव्हाच काढतो.

वाहनांसाठी समारंभापुरती पुढची पटांगणाची बाजू मोकळी करता येईल. फाटकाजवळचे दोन बाक हलविले की पुरे. मागे फरशी पडली तर खड्डा कोठे करावयाचा, याचे उत्तर आम्हांस सुचलेले नाही.

बागेचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळ्याची सुटी. शाळा बंद, ऊन कडक, आणि शेवग्याची, कढीपत्त्याची रोपे लहान. पावसाळा लागेपर्यंत त्यांना दिवसाआड झारीभर पाणी हवे. सभासद कुटुंबांनी आठवडा वाटून घ्यावा, म्हणून पाळ्यांची वही कचेरीत ठेवली आहे. एप्रिल बहुतेक भरला आहे. मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे अजून रिकामे आहेत.